एकेक घराची चाल

थोरल्या काकांचं प्यादं पहिल्या चालीला कधी दोन घरं गेलं नाही. प्रत्येक प्याद्याला पहिल्यांदा दोन घरं पुढं जायची मुभा असते, हा नियम त्यांना चांगला ठाऊक होता. समोरचा तसं खेळला तर त्यांची हरकत नसे. त्यांचा स्वतःचा हात मात्र एका घरावर थांबायचा. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर, मग त्या प्याद्यानं मोकळ्या केलेल्या जागेत उंट, मग घोडा, मग वजिरापुढचं प्यादं एक घर. विरारच्या गाडीत, वसईच्या स्पर्धेत, आगाशीच्या ओटीवर, सगळीकडे हीच सुरुवात. समोर कोण बसलंय याच्याशी तिचा काही संबंध नसे.

आमच्या घरात चालायचा तो डाव देशी. माझ्या आजोबांनी तो काकांना शिकवला आणि काकांनी मला. देशी डावात प्यादं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच घर चालतं. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, तीही तोवर त्याला एकदाही शह बसलेला नसेल तरच. त्यामुळे मात दृष्टिपथात नसतानाही माणसं शह द्यायला टपलेली असत. राजाची उडी मोडली की निम्मं काम झालं. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं म्हणजे त्याचा हवा तो मोहरा होत नाही. ज्या घरात पोचलं त्या घराचा जो धनी, तोच व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. आणि समोरच्याचे सगळे मोहरे मारून एकटा राजा उरवलात, तर ती बुर्जी. म्हणजे जिंकत आलेला डाव हातचा गेला. समोरच्याजवळ काहीतरी शिल्लक राखायचं आणि मग मात द्यायची, असा तो खेळ. सगळ्यांत मोठा मान प्यादेमातीचा. वजिरानं दिलेली मात काकांना सांगावीशीही वाटत नसे. प्याद्यानं दिलेली मात मात्र ते आठवडाभर सांगत.

या नियमांत एक रीत आहे आणि ती मला अजूनही फार मोलाची वाटते. समोरच्याला नागवून जिंकता येत नाही. त्याचं एखादं प्यादं, एखादा उंट उरला पाहिजे, त्याला चाल करता आली पाहिजे, आणि तरीही तो अडकला पाहिजे. आजोबांच्या पिढीनं हे कुठं लिहून ठेवलं नाही. पटावर बसणाऱ्याला ते हातातूनच कळायचं. आमच्या घरच्या बोलण्यातही ते उतरलं होतं. वाडीच्या बांधावरून भाऊबंदकी पेटली की आजी म्हणायची, त्याला काहीतरी राहू दे, बुर्जी करू नकोस.

आगाशी आता पालघर जिल्ह्यात येते; काकांच्या हयातीतला बहुतेक काळ ती ठाणे जिल्ह्यात होती. विरार स्टेशनातून पश्चिमेला निघालं की बोळींज मागं पडतं आणि वाड्या सुरू होतात. पुढं समुद्राच्या तोंडावर अर्नाळा. आमच्या लहानपणी वाडीत रहाट चालायचा, पानवेलीला पाणी जायचं, केळी असायची. राजेळी पिकली की सोलून उन्हात वाळत घालायची, रात्री उचलून ठेवायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी उन्हात. अशी वाळून मधाच्या रंगाला आलेली सुकेळी केळीच्याच सुक्या पानात बांधली जात. तो हंगाम थंडीचा, आणि ओटीवरच्या डावाचाही. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला सुकेळं द्यायचं. काकांच्या पटावरच्या पांढऱ्या घोड्याच्या मानेला त्या चिकटपणाचा एक थर बसला होता. कितीही पुसला तरी तो जात नसे. अंधारात हात फिरवला तरी हा पांढरा घोडा, असं ओळखू यायचं.

भवानीशंकराच्या देवळाच्या तळ्याकडून संध्याकाळी माणसं परतत, त्यातली एकदोन हटकून आमच्या ओटीशी थांबायची. नंदाखालचे एक निवृत्त मास्तर यायचे, कुपारी ख्रिस्ती, काकांच्याच वयाचे. अर्नाळ्याचे एक म्हातारे कोळी होते; बाजाराच्या दिवशी टोपली रिकामी झाली की बसायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांचा मुक्काम जास्त. तिघांचेही आजे देशी डाव खेळलेले. घरं वेगळी, देव वेगळे, बोली तर इतक्या वेगळ्या की मास्तर घरच्या माणसाशी बोलू लागले की मला निम्मं कळायचं नाही. पटावर मात्र राजाची उडी मोडली की तिघांच्याही तोंडून एकच हळहळ निघायची.

या देशी डावापुढं उभे राहिलेले विलायती नियम आपल्याकडं काही कालपरवा आलेले नाहीत. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या बुद्धिबळपटूचा ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापला गेला, तो युरोपी पद्धतीच्या खेळाला धरूनच होता. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. म्हणजे पेशवाई बुडायच्या आधीच एक शास्त्रीबुवा साहेबाच्या नियमांचा अभ्यास करत होते. तिकडं कलकत्त्यात १८५० च्या आसपास जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर, युरोपातला नाणावलेला खेळाडू, महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी डावांमागून डाव खेळत होता. बॅनर्जी देशी वळणाचे. घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून उंट त्या जागी बसवायचा, मधली घरं समोरच्याला घेऊ द्यायची आणि मग लांबून त्यांच्यावर मारा करायचा. १८५५ मधल्या त्यांच्या एका डावाची सुरुवात आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणून ओळखली जाते. ज्याच्या नावानं ती ओळखली जाते त्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डनं ती खेळायला घेतली १९२२ साली. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन ही आज जगभर खेळली जाणारी कुळं त्याच वळणाची.

हे सगळं मला कॉलेजात असताना मुंबईतल्या ग्रंथालयात वाचायला मिळालं. रविवारी आगाशीला गेल्यावर काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘बाय, प्यादं एकच घर चालत असेल तर उंटाला बाहेर काढणार कुठनं? घोड्याच्या पुढचं दार उघडायचं आणि तिथंच ओट्यावर बसवायचा. यात शोध कसला?’

एवढं बोलून त्यांनी पुढची चाल केली. मला मात्र ते अजून पुरतं आहे. सुरुवातीचा एक अख्खा प्रकार केवळ प्याद्याच्या एका घरातून निघतो. मधल्या घरांवर झडप घालताच येत नाही, म्हणून माणूस कडेनं मांडामांड करायला शिकतो. पुढं नियम बदलतात, झडप घालता येऊ लागते, तरी हाताला लागलेली मांडामांड राहते. मग कुणीतरी युरोपी विद्वान येऊन दाखवतो, की मधली घरं ताब्यात नसली तरी लांबून राखता येतात. काकांचं ते ओटीवरचं उत्तर मी नंतर बऱ्याच चांगल्या खेळाडूंना सांगितलं आहे.

देशी डाव संपला तो कुणी मारला म्हणून नव्हे. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या यांनी ते अजिंक्यपद मिळून पटकावलं. जगाशी खेळायचं तर जगाचे नियम हवेत, यात वावगं काहीच नाही. सांगलीच्या भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून खेळाडूंच्या पिढ्या उभ्या केल्या, त्या याच नियमांवर. ओटीवरची माणसं ओटीवर राहिली. त्यांच्या पोरांनी नवे नियम शिकले, नातवंडांना जुने माहीतही नव्हते. काकांनी दोन्ही सांभाळले. फोर्टातल्या कचेरीत जाताना गाडीत खुंट्यांचा लहानसा पट काढत, तो विलायती डाव. एका डब्यातली ठरलेली मंडळी, विरारला पट उघडायचा आणि दादर मागं पडलं की मिटायला घ्यायचा. कोण कुठल्या चालीवर होता हे परतीच्या गाडीपर्यंत ध्यानात ठेवायचं. रात्री घरी आल्यावर आजोबांशी, आणि आजोबा गेल्यावर माझ्याशी, तो देशी.

मी मुलगी असून पटावर कशी, हा प्रश्न आमच्या घरात निघाला तो आत्याच्या तोंडून, आणि काकांनी तो एका वाक्यात मिटवला. ते ‘नवाकाळ’ वाचायचे. त्याचे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत झाल्या होत्या. १९७४ मध्ये वासंतीनं महिलांचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. मुलगी पुरुषांत कशी खेळते म्हणून वाद झाला, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की स्त्रियांना कुठल्याही स्पर्धेतून वगळता येणार नाही. रोहिणी तेव्हा तेरा वर्षांची. काका आत्याला म्हणाले, ‘खाडिलकरांच्या मुली देश जिंकतात, आपली निदान मला तरी हरवू दे.’ १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली, त्या दिवशी काका आगाशीच्या बाजारातून पेढे घेऊन आले. खाडिलकरांशी आमचं नातं नाही, ओळख नाही. पेढे मात्र अख्ख्या आळीत वाटले गेले.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात, वसईतल्या एका खुल्या स्पर्धेत काका खेळले. घड्याळ लावून, चाली लिहून, सगळ्या रीतीनं. शाळेच्या मोठ्या वर्गात बाकं जोडून पट मांडले होते. त्यांच्यासमोर एक कॉलेजातला मुलगा आला, हुशार, पाठांतर पक्कं. काका पांढऱ्यानं होते. त्यांनी नेहमीप्रमाणं घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं, उंट ओट्यावर बसवला, घोडा काढला, वजिरापुढचं प्यादं एक घर. मुलानं मधली तिन्ही घरं घेतली. प्यादी दोन-दोन घरं झेपावत आली. शेजारच्या पटावरचे लोक मान वळवून बघू लागले. म्हाताऱ्याला कोंडलं असं त्यांना वाटत होतं. मला तसं वाटत नव्हतं. मुलाची प्यादी फार पुढं आली होती आणि त्यांच्या मागची घरं उघडी पडली होती. काकांचा कोपऱ्यातला उंट त्या सबंध तिरप्या रेषेवर नजर ठेवून होता.

राजा सुरक्षित करायची वेळ आली. घोडा आणि उंट हलले होते, किल्लेकोट करायला वाट मोकळी होती. काकांनी राजा उचलला, आणि त्यांचा हात दोन घरं सरळ न जाता पुढं, घोड्याच्या चालीनं वळला. देशी उडी. वर्षानुवर्षं रात्रीच्या डावात ते हेच करत आले होते. हात हवेतच थांबला. मुलानं पाहिलं, आणि त्याचं मोठेपण असं, की तो म्हणाला, ‘काका, ठेवा परत, किल्लेकोट करायचा होता ना, करा.’

काका म्हणाले, ‘हात लागला.’

राजाला हात लागला म्हणजे राजा हलवलाच पाहिजे. किल्लेकोट ही राजाचीच चाल असते. हात उडीकडं वळला तरी नियमानं त्यांना तो अजूनही करता आला असता. पंच शेजारीच उभे होते, तेही तसंच म्हणाले. काकांनी ऐकलं नाही. आपल्या मनात किल्लेकोट नव्हता, उडी होती, आणि उडी इथं चालत नाही, तेव्हा जी चाल मनातच नव्हती तिचा फायदा घ्यायचा नाही, असा त्यांचा हिशेब. त्यांनी राजा एक घर बाजूला ठेवला. किल्लेकोटाचा हक्क त्याबरोबर संपला. हत्ती कोपऱ्यात कोंडला गेला. मग त्यांनी हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं, राजा आणखी एक घर, पुन्हा एक घर. विलायती नियमानं जे एका चालीत झालं असतं ते त्यांनी हातानं, पायरी पायरीनं केलं. त्यात वेळ गेला. पटावरचाही आणि घड्याळातलाही.

तरीही डाव त्यांच्याकडं आला. मुलाची पुढं गेलेली प्यादी एकेक करून पडली, आणि काकांचं एक प्यादं जास्त झालं. ते सरकू लागलं. पाचवं घर, सहावं घर. काका वाकून बघत होते. मला घड्याळ दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. दिसत असेल तर त्यांनी तिकडं बघितलं नाही. स्पर्धेत बाहेरच्यानं बोलायचं नसतं. घड्याळावरचं तांबडं निशाण काट्यानं उचललं, आणि ते पडलं. प्यादं सातव्या घरात होतं.

काकांनी मुलाशी हात मिळवला आणि कागदावर सही केली. बसनं घरी येताना ते त्या मुलाचंच कौतुक करत होते, ‘ठेवा परत म्हणाला, हल्ली कोण म्हणतं?’ नंदाखालच्या मास्तरांना दुसऱ्या दिवशी सगळा डाव दाखवला. मास्तरांनी राजाची चाल आली तिथं पट थांबवला आणि म्हणाले, घरच्या नियमानं तू उडी मारली असतीस तर तेवीस चालींत संपला असता. आणि दोघांनी तो डाव तिथून देशी नियमानं पुढं खेळून पाहिला. काका जिंकले.

पुढं मी एका पुस्तकातून मीर सुलतान खान यांचा डाव काकांसाठी उतरवून आणला. पंजाबातल्या सरगोध्याकडचा हा माणूस सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. देशी डावात वाढलेला, युरोपी नियम उशिरा शिकलेला. १९२९ मध्ये विलायतेला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनचं अजिंक्यपद घेतलं. पुन्हा १९३२ मध्ये आणि १९३३ मध्ये. पुस्तकी सुरुवाती त्याला येत नसत, असं सगळेच लिहितात. १९३५ मध्ये आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी त्याचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांना एक बरोबरी तेवढी मिळाली. त्यानंतर तो स्पर्धांतून जवळजवळ नाहीसाच झाला. १९६६ मध्ये तो वारला.

मी आणलेला डाव हेस्टिंग्जचा, १९३०-३१ चा. समोर कापाब्लांका, १९२१ ते १९२७ जगज्जेता असलेला, ज्याला हरवणं दुर्मीळ. सुरुवात क्वीन्स इंडियनची. पांढरा घोडा, काळा घोडा. मग पांढऱ्याची वजिरापुढची आणि शेजारच्या उंटापुढची प्यादी दोन-दोन घरं. काळ्यानं वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून तिथं उंट बसवला. आणि पाचव्या चालीला सुलतान खाननं डाव्या टोकाच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं. ए३.

काकांनी तिथं हात थांबवला. ‘ही आपली चाल,’ म्हणाले.

मी सांगितलं, की हिच्यामागं नेमका हेतू आहे. काळ्याचा दुसरा उंट पुढं येऊन पांढऱ्या घोड्याला बांधणार असतो, ते घर हे प्यादं आधीच राखून ठेवतं. ही चाल पुढं पेट्रोस्यानच्या नावानं ओळखली गेली, आणि १९८० च्या दशकात कास्पारोवनं तिच्यावर कितीतरी डाव जिंकले. काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ‘हेतू असेल ना, नाही कोण म्हणतंय. पण हात गेला तो सवयीनं. देशी माणूस सुरुवातीला असंच एखादं कडेचं प्यादं हलवतो, समोरचा काय करतो ते बघायला.’

पुढचा डाव त्यांना पाठ होऊन गेला. सुलतान खान किल्लेकोट करतच नाही. कापाब्लांकाचे दोन्ही हत्ती उघड्या पट्टीतून आत घुसतात, शह देतात, आणि सुलतान खान वजीर देऊन ते दोन्ही हत्ती घेतो. राजा मधल्या घरात उघडा, इकडून तिकडं पायी चालणारा. समोर काळा वजीर एकटा, जागा शोधत फिरणारा. पासष्टाव्या चालीला कापाब्लांकानं डाव सोडला. काका राजाच्या त्या चालण्यापाशी दरवेळी थांबत. त्यांना वसईचा डाव आठवत असणार, पण ते बोलून दाखवत नसत. त्या वर्षी हेस्टिंग्जला पहिला आला तो युवे, तोच, ज्यानं पुढं रोहिणीच्या बाजूनं निकाल दिला. कापाब्लांका दुसरा, सुलतान खान तिसरा. हे मी सांगितलं तेव्हा काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्या रात्री जेवताना सगळ्यांना पुन्हा सांगायला लावलं.

अर्नाळ्याचे कोळीबाबा आधी गेले. मग मास्तर. मास्तरांच्या मातीला काका नंदाखालच्या चर्चपर्यंत गेले आणि आल्यावर काही दिवस पट उघडला नाही. आता तो डाव आम्हा दोघांतच उरला. मी लग्न होऊन मुंबईत, सुट्टीला येणार तेव्हाच खेळ. तेवढ्यात विरारच्या बाजूनं इमारती बोळींजच्या पुढं सरकत आल्या, वाडीतला रहाट बंद पडला, तिथं पंप आला. काकांची नजर मंदावली. शेवटी शेवटी पांढऱ्या-काळ्या घरांत त्यांना फरक कळेना, तरी मोहरे कळत. बोटांनी चाचपून ते पट वाचत. चिकट मानेचा घोडा सापडला की तिथून बाकीचं सगळं लावून घेत.

आमचा शेवटचा डाव गणपतीतला. काका पांढऱ्यानं. त्यांची उडी मी शह देऊन मोडली, तर ते हसले. ‘आता पायीच जावं लागणार.’ माझे दोन हत्ती, एक उंट आणि काही प्यादी होती. त्यांच्याकडं त्याहून कमी. तरी त्यांनी माझा राजा माझ्याच प्याद्यांमागं अडकवला आणि उंटापुढच्या प्याद्यानं मात दिली. प्याद्यावर बोट ठेवून ते थोडा वेळ तसेच बसले, मी पट नीट बघावा म्हणून. त्या पावसानंतरचा पाऊस त्यांनी पाहिला नाही.

माझा भाचा फोनवर खेळतो आणि चांगला खेळतो. सुरुवातींची नावं त्याला माझ्याहून जास्त येतात. मी त्याला देशी नियम शिकवले. त्यानं चार डाव मन लावून खेळले, राजाची उडी त्याला भारी वाटली. मग म्हणाला, ‘मावशी, पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे, हात चुकेल.’ त्याचं बरोबरच होतं. काकांचा हात कसा चुकला ते मी पाहिलं होतं. मी तो पट उचलून ठेवला. एकट्यानं तो डाव खेळता येत नाही. पुस्तकातल्या डावाला पुस्तक तरी सोबत असतं. या डावाला समोर तेच नियम अंगात असलेला माणूस लागतो, आणि आमच्या घरात तो आता नाही.

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय, आणि त्या विजयानं ग्रँडमास्टरही झाली. वय एकोणीस. मी ती बातमी वाचली तेव्हा आगाशीच्या बाजारातच होते, आणि पेढे घेतले. आळीतल्या निम्म्या घरांत मला ओळखणारं कुणी नव्हतं, तरी वाटले. कशाचे, म्हणून विचारलं तर सांगितलं. वाटायला काका हवे होते. खाडिलकरांच्या मुलींपासूनची सगळी हकिगत त्यांनी प्रत्येक दारात सांगितली असती आणि परत यायला रात्र झाली असती.

त्याच्या आदल्या वर्षी जागतिक संघटनेनं मीर सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. ती बातमीही काकांना कळायची राहिली, आणि त्याबरोबर आमचा जुना वाद. मी पुन्हा तो हेस्टिंग्जचा डाव काढून बसले. माझं म्हणणं अजून तेच आहे, की ए३ ही विचार करून केलेली चाल आहे. ज्याला सुरुवाती येत नाहीत म्हणतात त्या माणसानं पटावर बसून, काळ्या उंटाचं घर ओळखून, ती शोधली. काका म्हणाले असते, सवय. मी म्हटलं असतं, मग सवयीनं बरोबर त्याच पाचव्या चालीला, त्याच प्याद्यावर हात कसा गेला? यावर त्यांच्याकडं उत्तर होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी काहीतरी बोलून, माझ्या चालीची वाट न बघता, डाव पुढं नेला असता.